घरी प्रेशर वॉशरने गाडी धुताय? समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हा क्रम पाळा

आमच्या वाडीत आता बऱ्याच घरांत प्रेशर वॉशर आलाय, आणि मशीन घेतल्या घेतल्या जवळपास सगळे एकच गोष्ट करतात, कोरड्या गाडीवर डायरेक्ट फेस मारतात, गाडी पांढरीशुभ्र झाली की फोटो काढतात, आणि मग त्याच फेसावरून फडकं फिरवायला सुरुवात. वर्षभराने उन्हात गाडी उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात तेव्हा म्हणतात रंगच खराब लागला. रंगात काही खोट नसते हो. आपल्या लाल मातीत बारीक खर असते, फेसाने ती मऊ होते पण जागची पूर्ण निघत नाही, आणि त्यावर फडकं दाबलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. दुसरी चूक त्याहून महाग पडते: वरून गाडी चकचकीत आणि खालचं मीठ तसंच. दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण, कुठेही समुद्राच्या वाऱ्यात गाडी उभी राहते त्यांनी खालची बाजू आधी धरायची, वरची नंतर. खाली सगळं क्रमाने लिहितोय, क्रम बदलू नका, कारण अर्धं काम क्रमातच आहे.

१. जागा आणि वेळ

सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. बॉनेटवर हात ठेवून बघा, चटका बसला तर थांबा, गरम पत्र्यावर शॅम्पू सुकतो आणि त्याचे डाग घालवताना नाकी नऊ येतात. सावली घराच्या भिंतीची घ्या. माडाखाली गाडी उभी करू नका, कारण सांगायला नको, आणि आंब्याखाली धुतली तर एप्रिल-मेमध्ये वरून चीक पडत राहतो.

खाली जमीन कसली आहे हे फार महत्त्वाचं. मातीच्या अंगणात जेट खाली लागला की लाल चिखल उडून परत दारांवर बसतो, म्हणजे धुताय तेवढंच परत घाण करताय. सारवलेल्या खळ्यात तर मशीन चालवूच नका, शेण-माती उचकटून खड्डे पडतात आणि घरातल्यांची बोलणी खावी लागतात ती वेगळी. चिऱ्याची फरसबंदी, कोबा किंवा पेव्हर ब्लॉक असलेली जागा बघा, थोडा उतार असेल तर उत्तम.

विहिरीपासून लांब धुवा. जांभा सच्छिद्र असतो, साबणाचं पाणी मुरून कुठे जातंय ते वरून दिसत नाही, आणि आपण तेच पाणी पितो. माडा-पोफळीच्या आळ्यातही चेनचं ग्रीस किंवा तेलाचं पाणी सोडू नका.

२. पाणी कुठलं आणि किती

घरगुती मशीनला साधारण मिनिटाला ६ ते ७ लिटर पाणी लागतं. ट्रिगर एकूण पंधरा मिनिटं दाबला तर शंभर लिटरच्या आसपास. मे महिन्यात विहीर तळाला गेली असेल तेव्हा हा हिशोब डोक्यात ठेवा, आणि त्या दिवसांत फेसाचा सोहळा न करता फक्त खालचं मीठ धुतलं तरी चालतं.

नळाला पुरेसा जोर आहे का हे बघायची सोपी युक्ती: १० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटभरात भरली तर निर्धास्त. दीड-दोन मिनिटं लागली तर डायरेक्ट जोडू नका, मशीन पाणी ओढायला जाईल, मिळणार नाही, आतले सील झिजतील. त्यापेक्षा ड्रम भरून घ्या आणि मशीन ड्रममधून पाणी खेचणारं असेल तर सक्शन पाइपने चालवा. सक्शन पाइप आधी पाण्याने पूर्ण भरून घ्यायचा, रिकामा पाइप लावून मशीन सुरू करायचं नाही. ड्रम थोडा उंचावर, एखाद्या चिऱ्यावर ठेवलात तर पंपाला सोपं जातं.

विहिरीचं पाणी असेल तर पावसाळ्यात ते गढूळ होतं, म्हणून मशीनच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी प्रत्येक वेळी काढून धुवा. ही जाळी असते हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं, मग प्रेशर कमी झालं म्हणून मशीन दुरुस्तीला नेतात. किनाऱ्याला लागून ज्यांच्या विहिरी मचूळ आहेत त्यांनी त्या पाण्याने गाडी धुतली तर एक मीठ काढून दुसरं लावल्यासारखं होतं. नाइलाज असेल तर सुरुवात त्या पाण्याने करा पण शेवटचं पाणी गोडं घ्या, दोन बादल्या पुरतात. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी धरून ठेवलंत तर शेवटच्या धुण्याला त्यासारखं पाणी नाही, सुकल्यावर डाग जवळपास राहतच नाहीत.

३. वीज

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. पाणी, ओला कोबा, अनवाणी पाय आणि पडवीतून ओढलेली बारीक वायर. असं नको.

मशीन साधारण १४०० ते २००० वॅटची असते, तिला मोठा १६ अँपिअरचा सॉकेट आणि चालू स्थितीतलं अर्थिंग लागतं. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नका. एक्स्टेंशन वायर घ्यायचीच असेल तर निदान १.५ स्क्वेअर एमएमची तीन कोरची घ्या, दहा मीटरच्या पुढे लांबी गेली तर २.५ ची, आणि गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून टाका कारण गुंडाळी तापते. जोड पडवीत, कोरड्या जागी, जमिनीपासून वर. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्या, मशीनच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

सावधान: गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मोटर घुमतेय पण जोर घेत नाही असा आवाज आला की लगेच बंद करा, तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं. पायात रबरी चप्पल, प्लग काढता-लावताना हात कोरडे.

४. सामान आधी मांडून ठेवा

फेस मारल्यावर शोधाशोध सुरू झाली की फेस सुकतो, म्हणून सगळं आधीच हाताशी.

• गाडीचा शॅम्पू, पीएच न्यूट्रल लिहिलेला. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर नको. त्याने घाण निघते हे खरं, पण वॅक्सही निघतं, आणि आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यापासून रंगाला तेवढाच आडोसा असतो.
• फोम लान्स, म्हणजे मशीनच्या बंदुकीला लावायची फेस मारणारी बाटली. मशीनबरोबर येणारी छोटी बाटली बहुधा पाणचट फेस देते. वेगळी लान्स घेतलीत तर घरगुती मशीनसाठी आतलं छिद्र १.१ मिलिमीटरचं आहे का विचारून घ्या, मोठ्या छिद्राच्या लान्सला आपली मशीन पुरी पडत नाही.
• दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक साध्या पाण्याची.
• मायक्रोफायबरचे दोन हातमोजे, एक वरच्या भागाला आणि एक दाराखालच्या पट्टीला. चाकांना जुना तिसरा. यांची अदलाबदल कधीच नाही.
• रिमसाठी मऊ ब्रश, पुसायला दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल. जुनी बनियन, धोतराचा तुकडा, स्पंज यातलं काही नको, स्पंज खर पोटात धरून ठेवतो आणि तीच रंगावर घासली जाते.

नोझलचे तुकडे रंगाने ओळखतात: लाल ० अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४०. गाडीच्या रंगाला पांढरा, चाकाच्या आतल्या पोकळीला हिरवा. लाल आणि फिरत्या धारेचं टर्बो नोझल गाडीसाठी नाहीच, ते शेवाळलेल्या पायऱ्यांसाठी ठेवा.

५. मशीन सुरू करायचा क्रम

आधी पाण्याचा पाइप जोडा, नळ सोडा, मशीन बंदच असू दे. ट्रिगर दाबून धरा. सुरुवातीला फसफस करत हवा येईल, मग सलग पाणी येईल. सलग पाणी आलं की मगच स्विच. हवा आत राहिली तर पंप खडखडतो आणि आयुष्य कमी होतं.

तपासा: खिडक्या पूर्ण बंद, पेट्रोलचं झाकण नीट बसलेलं, इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचं झाकणही. वायपर ऑटो मोडवरून काढा.

६. आधी खालची बाजू

इथे वेळ द्या. बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल पण इथे नाही.

मीठ पाण्यात विरघळतं, त्याला जोराची धार लागत नाही, भरपूर आणि सावकाश पाणी लागतं. म्हणून गाडी पुळणीजवळ उभी होती, भरतीच्या तुषारांत सापडली, किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीतून आली आणि चढता-उतरता चाकं खाऱ्या पाण्यातून गेली, तर सगळ्यात आधी साधा बागेचा पाइप किंवा झाडांना पाणी घालायचा फवारा गाडीखाली सरकवून पाच-सात मिनिटं तसाच चालू ठेवा, पुढून एकदा, मागून एकदा. वाळू असेल तरी हेच, कारण वाळू लागलेली असताना जोराची धार मारली तर ती वाळूच सगळीकडे रंध्यासारखी फिरते.

मग मशीन. चारी चाकांच्या वरच्या पोकळ्या, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवून. मडगार्डच्या आतली कड हाताने चाचपून बघा, तिथे लाल मातीचा थर बसतो आणि तो ओला राहिला की पत्रा आतून सडतो, बाहेर फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सायलेन्सर, त्याचे हँगर, मागचा अॅक्सल, बंपरच्या आतली बाजू. चारही दारांच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, पाणी निघून जायला, ती मातीने बुजलेली असतात. काडीने मोकळी करा, खराट्याची काडी चालते.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली. जुलैमध्ये गुहागरला किनाऱ्याच्या कडेला गाडी दुपारभर उभी होती, समुद्र खवळलेला, काचेवर मिठाचा थर. घरी येऊन वरून दोनदा फेस मारला, खाली वाकलोच नाही, वाटलं पाऊस आहेच, तो धुईल. पावसाचं पाणी मडगार्डच्या आत आणि सायलेन्सरच्या पत्र्यावर पोचत नाही. दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली तेव्हा उष्णतारोधक पत्र्याच्या क्लिपा खाऊन गेलेल्या, पत्रा लोंबतोय. तेव्हापासून पाऊस असो वा नसो, आठवड्याला एकदा खालून पाणी ठरलेलं.

सावधान: हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत खाली नारिंगी वायरी दिसतात, त्यांच्यावर आणि त्यांच्या जोडांवर धार रोखू नका. बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशर मारू नका, कुठल्याच गाडीत. ओलं फडकं पुरे.

७. चाकं

गाडी नुकतीच आली असेल तर अर्धा तास थांबा. परशुराम घाट किंवा कशेडी उतरून आलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्क चांगल्याच तापलेल्या असतात आणि त्यावर थंड पाणी पडलं की वाकायचा धोका असतो, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. रिम धुताना शॅम्पू आणि ब्रश, एका वेळी एक चाक, धुवा आणि लगेच पाणी मारा. टायरच्या बाजूवर धार निदान ३० सेंटिमीटर लांबून. जवळून मारली तर रबराचं नुकसान लगेच दिसत नाही पण आत होतं.

चाकं आधी का, तर त्यांची काळी घाण उडते. आधी बॉडी धुतली तर ती परत घाण होणार.

८. अंगावर साधं पाणी

आता वरून. टपापासून खाली, पांढऱ्या नोझलने, दोन फुटांवरून, धार तिरकी धरून. समोरून नव्वद अंशात रोखली तर माती आत दाबली जाते, तिरकी धरली तर ढकलून बाहेर जाते. जिथे दगड लागून रंग उडालाय, जिथे रंगकाम परत केलेलं आहे, स्टिकर, फिल्मच्या कडा, दारांचं रबर, पार्किंगचे सेन्सर, मागचा कॅमेरा, इथे धार आणखी लांबून आणि क्षणभरच. चौपदरीकरणाच्या खडीवरून ये-जा करणाऱ्यांच्या बॉनेटवर असे टवके असतातच, तिथे धार घुसली की भोवतीचा रंग पापुद्र्यासारखा उचलतो.

पुढच्या काचेखालची वायपरजवळची जाळी विसरू नका, आंब्याची, काजूची पानं तिथे कुजतात, पाणी जायची वाट बंद होते आणि मग ते गाडीत पायाखाली येतं. पानं हाताने काढा, जेटने आत ढकलू नका.

तपासा: ओल्या दारावर लांबून तिरकं बघा. लाल रेघा अजून ओघळतायत? मग परत पाणी. स्वच्छ पाणी ओघळेपर्यंत फेसाकडे वळायचंच नाही.

९. फेस

लान्सच्या एक लिटरच्या बाटलीत आधी ९०० मिलिलिटर पाणी, मग १०० मिलिलिटर शॅम्पू, सावकाश हलवा. शॅम्पू आधी ओतला तर बाटलीतच फेस होऊन अर्धी जागा जाते. शॅम्पूच्या डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते धरा.

फेस खालून वर मारत जा. खालच्या भागात घाण जास्त, तिथे फेसाला जास्त वेळ मिळतो. मग तीन ते पाच मिनिटं थांबा, पण घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा, समुद्राचा वारा सुटला असेल तर दोन मिनिटांतच कडा सुकायला लागतात. सुकायला लागला की लगेच पाणी. मे महिन्यात अर्धी गाडी आधी, अर्धी नंतर, असं केलं तरी काही बिघडत नाही.

या वेळात डाग बघा. आंब्याचा चीक आणि पक्ष्यांची घाण, विशेषतः वटवाघळांची, रंगात उतरते. फेसात भिजवलेलं फडकं त्यावर नुसतं ठेवून द्या, पाच मिनिटांनी अलगद उचला. नखाने खरवडू नका.

मग वरून खाली सगळा फेस धुवून काढा. लक्षात घ्या, अजूनपर्यंत रंगाला हात लागलेला नाही. मुंबईहून गणपतीला येणारे आमचे चुलतभाऊ इथे थांबतात, म्हणतात झाली की. ज्याची गाडी दर आठवड्याला धुतली जाते त्याला इथे थांबलं तरी चालतं. हायवेचा आठ-दहा तासांचा चिखल घेऊन आलेल्या गाडीला पुढची पायरी लागतेच.

१०. हाताने धुणं

शॅम्पूच्या बादलीत हातमोजा बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्याच्या बादलीत पिळा, परत शॅम्पूत. आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. दाराखालची पट्टी आणि बंपरचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, दुसऱ्या हातमोज्याने. गोल गोल नाही, सरळ रेषेत, जोर न देता. हातमोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, झटकून परत वापरायचा नाही, कितीही जिवावर आलं तरी.

साध्या पाण्याची बादली लाल झाली की बदला. मग शेवटचं पाणी, गोडं, नोझल न लावता नुसत्या पाइपने किंवा तांब्याने वरून सोडलेलं. सलग पडणारं पाणी थेंब सोबत घेऊन जातं, पुसायला कमी राहतं.

११. पुसणं

आपल्याकडे हवेत दमटपणा एवढा की गाडी आपली आपण सुकेल म्हणून सोडली तर थेंब तासभर बसून राहतात आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पिवळट ठिपके पडतात. टॉवेल पसरून ठेवा आणि ओढा, घासू नका. दारं, डिकी उघडून कडा पुसा, आरशांच्या आतलं पाणी फुंकरून काढा.

मग गाडी एक-दोन किलोमीटर फिरवून आणा, हलके हलके ब्रेक मारत. डिस्कवर खाऱ्या हवेत रात्रभरात गंज धरतो. आणि धुतलेल्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ब्रेकचे लायनर ब्रेक ड्रमला चिकटतात, सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

वॅक्स दोन-तीन महिन्यांतून एकदा, त्यातलं एक पावसाळ्याच्या आधी, मेच्या अखेरीला.

बाइक आणि स्कूटरसाठी वेगळं काय

क्रम तोच, पण धार आणखी लांबून. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि नंतर आठवणीने काढा. चाकांच्या मध्याशी बेअरिंग असतं, पुढच्या फोर्कचे सील, चावीचं भोक, हँडलवरची बटणं, रेडिएटरच्या जाळ्या, इथे प्रेशर नाही, साधं पाणी. चेनवर धार मारली तर आतलं ग्रीस निघतं, म्हणून धुतल्यावर चेन सुकवून ल्यूब मारा, त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर सकाळी तांबूस दिसेल. स्कूटरचा फूटबोर्ड आणि स्टँडचा स्प्रिंग यात मीठ साचतं, तिथे जुन्या ब्रशने.

मशीन ठेवताना

स्विच बंद, नळ बंद, मग ट्रिगर दाबून आत अडकलेलं प्रेशर सोडा, नाहीतर पाइप निघत नाही आणि लोक तो जोर लावून तोडतात. पाइपमधलं पाणी काढून टाका. पितळी जोडांना बोटभर तेल लावा. मशीन जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. फोमच्या बाटलीत साधं पाणी भरून लान्सने अर्धा मिनिट तसंच फवारा, मग बाटली उलटी करून सुकत ठेवा, शॅम्पू आत सुकला की पुढच्या खेपेला जाळी चोंदलेली असते आणि फेसच येत नाही.